उतरलेला धैवत

सांडोर, वसई
मंगळवार, ३ डिसेंबर २०२४

ती. दादास,

जिच्याशी तू तीन आठवडे बोलत नाहीस त्या धाकट्या बहिणीचा, सुभद्राचा, वाकून नमस्कार. खरोखरच वाकून लिहितेय, कंबर धरली आहे.

फोन तू उचलत नाहीस. धवलला केला तर तो म्हणतो, "आत्या, बाबा बाथरूममध्ये आहेत." सकाळी बाथरूममध्ये, दुपारी बाथरूममध्ये, रात्री जेवायच्या वेळीही बाथरूममध्ये. दुसऱ्या कुणाचा भाऊ असता तर मी डॉक्टरला विचारलं असतं. शेवटी पोस्टात गेले. तिथली मुलगी पत्ता वाचून म्हणाली, "काकू, बोळिंज तर इथंच, तुम्हीच नेऊन द्या की!" म्हटलं, अगं, मी गेले तर तो खरंच बाथरूममध्ये जाऊन बसेल.

आता मुद्द्याचं. नर्मदावहिनी गेल्यावर तू धवलकडे राहायला गेलास, त्याला दोन वर्षं झाली. पण बस पकडून दर मंगळवारी भजनाला आलास, एकही चुकवला नाहीस. म्हणून आम्ही बारा जणींनी ठरवलं की दिवाळीनंतर दादाला चकित करायचं. मंडळाची पेटी सेबॅस्टियनकडे दिली. तोच तो, लग्नाच्या बँडमध्ये वाजवतो आणि पेट्याही दुरुस्त करतो. त्यानं भात्याचं कापड बदललं, आतली तीस वर्षांची धूळ काढली, सगळे सूर नीट लावून दिले. केवढ्या हौसेनं तुझ्यापुढे ठेवली होती!

तू गवळण सुरू केलीस. आणि मध्यावर, जिथं आम्ही सगळ्या मिळून वर जातो ना, तिथं पेटी एकीकडे आणि आम्ही दुसरीकडे. एकदा नाही, तीनदा. मी म्हटलं, "दादा, बोट चुकतंय का रे?" एवढंच. बायका हसल्या, हे कबूल. पण आपल्यात कुणाला हसले नाहीत असं झालंय का? तू भाता बंद केलास, "आजपासून या पेटीला हात लावणार नाही, आणि सुभद्रे, तुझ्याशी बोलणारही नाही," म्हणालास आणि चहा न घेता गेलास. तुझा कप पुतळाबाईंनी प्यायला, तो भाग वेगळा.

माघी गणपती एक फेब्रुवारीला आहे. देवळाच्या पटांगणातल्या भजन स्पर्धेत वहिनी गेल्यावर यंदा पहिल्यांदा नाव दिलंय. बारा जणींच्या एकसारख्या साड्या आल्यात, बायका सज्ज आहेत, फक्त पेटीवाला रुसलाय. चुकलं असेल बोट, त्यात काय एवढं? माझ्या आमटीत मीठ रोज चुकतं, म्हणून मी चूल सोडून गेले का?

ये रे.

तुझी,
सुभद्रा


बोळिंज, विरार (पश्चिम)
९ डिसेंबर २०२४

चि. सुभद्रेस,

तुझे दि. ३ चे पत्र पावले. मी तुझ्याशी बोलणार नाही असे म्हणालो होतो. लिहिणार नाही असे म्हणालेलो नाही. शाळेच्या ऑफिसात छत्तीस वर्षे कारकुनी केली, दिल्या शब्दाबाहेर जात नाही. सबब उत्तर देत आहे.

बोट चुकलेले नाही. ही बाब प्रथम नोंदवून घ्यावी.

येणे जमणार नाही. गुडघा दुखतो, बसला गर्दी असते आणि इथे मला करमते. सोसायटीच्या क्लबहाऊसमध्ये दर शनिवारी कराओके असते. टीव्हीवर शब्द पळतात आणि माणसे त्यांच्यामागून पळतात. कुणाचा श्वास पुरला नाही तर मशीन थांबत नाही. गाणे संपले की मार्क देते. मला एकसष्ट दिले. चौथ्या मजल्यावरचे जोनाथन बँकेतून निवृत्त झालेले आहेत, मोठ्या मनाचा माणूस, आवाजही तसाच मोठा. त्यांना मशीनने चौतीस दिले. सगळे हसले, तेही हसले. पुढच्या शनिवारी आले नाहीत. मी घरी चौकशीला गेलो तर म्हणाले, "घसा बसलाय." घसा अजिबात बसलेला नव्हता, कारण हे वाक्य मला लिफ्टपर्यंत ऐकू आले.

आता पेटीबाबत. भात्याचे कापड बदलले, ठीक. धूळ काढली, उत्तम. पण सुरांना हात लावायला कुणी सांगितले होते? तीस वर्षांत कुणाची तक्रार आली होती का? पेटी मी वाजवतो, निदान मला विचारायचे तरी. एखाद्याच्या घरातली वस्तू न विचारता हलवावी तसे झाले आहे. याहून जास्त मला लिहायचे नाही.

दुसरा पेटीवाला बघावा. मंडळास शुभेच्छा.

पांडुरंग

ता. क. पुतळाबाईंना मधुमेह आहे. माझा चहा त्यांना देत जाऊ नये.


सांडोर
बुधवार, १८ डिसेंबर २०२४

ती. दादास,

तुझं पत्र आहे की शाळेचं परिपत्रक, मला कळेना. खाली शिक्का शोधला.

दुसरा पेटीवाला बघ म्हणालास, बघितला. माणूस चांगला, पण त्याच गवळणीला त्याच जागी तोच घोटाळा. मग मला वाटलं, चूक सेबॅस्टियनची. काल त्याला बोलावून घेतला आणि सगळ्यांसमोर चांगला झापला. त्या बिचाऱ्यानं खिशातून फोन काढला. त्यात म्हणे सूर मोजायचं यंत्र आहे, बरोबर असला की हिरवा दिवा लागतो, नसला की लाल. पेटीची एकेक पट्टी दाबून दाखवली. सगळ्या हिरव्यागार, आपल्या पानवेलीसारख्या. मग म्हणाला, "आता तुम्ही गा."

आम्ही गायलो. सा हिरवा, रे हिरवा, ग, म, प हिरवे. आणि त्यानंतरचा जो धैवत, तिथं लाल. तो म्हणाला एकेकीनं गा. एकेकीनं गायलं. बारा वेळा लाल! दादा, आम्ही बाराही जणी तो एक सूर खाली लावतो, आणि तोसुद्धा एकमेकींशी अगदी जुळवून खाली. सेबॅस्टियन म्हणाला, "एक जण चुकला तर मी समजू शकतो. पण बारा जणी एकसारख्या? ह्याला तर सराव लागतो." नाचता येईना अंगण वाकडं असं म्हणतात. इथं अंगण सरळ निघालं आणि आम्हीच वाकड्या.

त्यानंतर जे भांडण पेटलं ते काय सांगू. संजना म्हणाली, ही खोड आम्हाला तुम्हा जुन्या बायकांमुळे लागली. जुन्या म्हणाल्या, तू आलीस तेव्हा तुला सा कुठला तेही ठाऊक नव्हतं. तेजस्वी रडायला लागली, की तीस वर्षं मंडळ देवापुढे बेसूर गातंय. शेवटी संजना आणि तेजस्वी दोघींनी स्पर्धेतून नाव काढून घेतलं. संजना साडी परत आणून देते म्हणाली. बाकीच्या माझ्याकडे अशा बघत होत्या जणू मीच त्यांचा सूर चोरून नेला. मला रात्रभर झोप नाही. मंडळ मोडलं दादा, असंच धरून चल.

आणि एक गोष्ट मनात येते ती विचारतेच. आम्हाला तू शिकवलंस. पेटी तू वाजवलीस. शेजारच्या वाडीत घंगाळ वाजलं तर त्याचा सूर कुठला हे सांगणारा माणूस तू. तुला तीस वर्षांत आमचा हा धैवत खाली लागतोय हे कळलं नाही? की कळलं होतं?

सोबतच्या पुडीत सुकेळी आहेत, आपल्याच राजेळी केळ्यांची. रागावलेल्या माणसालाही भूक लागते.

सुभद्रा


बोळिंज
२४ डिसेंबर २०२४

सुभे,

सुकेळी मिळाली. चार खाल्ली आणि मग तुझं पत्र पुन्हा वाचलं. आता कारकुनी भाषेत लिहिता येणार नाही.

संजनाला सांग, साडी ठेव. चूक तिची नाही, तुझी नाही, जुन्यांची नाही. चूक एकानंच केली, एका रविवारी दुपारी, ओटीवर बसून, कानस घेऊन. तो मी.

मंडळ सुरू झालं तेव्हा विरारहून एक बुवा शिकवायला यायचे, आठवतात? नर्मदेला गाण्याचं इतकं वेड होतं की वाडीत पाणी लावतानाही तोंड चालू. पण तिचा धैवत कायम थोडा खाली लागायचा. एक दिवस बुवा सगळ्यांसमोर म्हणाले, "या बाईंनी नुसते ओठ हलवावेत." तू त्या दिवशी बाळंतपणात होतीस, म्हणून तुला माहीत नाही. घरी आली, चूल पेटवली. पुढच्या मंगळवारी म्हणाली, डोकं दुखतंय. त्याच्या पुढच्या मंगळवारीही डोकंच. वाडीतलं गुणगुणणंही थांबलं. सुभे, घर इतकं गप्प झालं की मला जेवण जाईना.

तिला शिकवून बघितलं, जमेना, उलट रडू यायचं. मग म्हटलं, ती वर येत नाही तर पेटीनं खाली यावं. पेटी साफ करतो असं सांगून ओटीवर उघडली. त्या पट्टीखालचं पितळ टोकाशी घासलं तर सूर चढतो आणि मुळाशी घासलं तर उतरतो, एवढं मला ठाऊक होतं. मुळाशी घासत घासत तिच्या सुराला आणून ठेवला. मंगळवारी तिला ओढून नेली. तिनं धैवत लावला आणि पेटी तिच्या बाजूनं उभी राहिली. घरी येऊन म्हणाली, "अहो, आज माझा सूर लागला." त्या रात्री दीड भाकरी जास्त जेवली. बुवांना मी दुसऱ्याच दिवशी निरोप दिला, आता मीच शिकवतो. तुम्ही सगळ्या मग त्या पेटीवर शिकलात आणि एकेक करून खाली आलात.

तिला शेवटपर्यंत कळलं नाही. मी फसवलं तिला, पण आयुष्यात त्याचा पश्चात्ताप कधी झाला नाही.

दिवाळीनंतर ती पेटी वाजवली आणि धैवत बरोबर लागला. ती गेल्यावर तिची लुगडी वाटली, चष्मा दिला, वाडीतल्या तिच्या चपलाही कुणी नेल्या. एवढं एक पेटीत राहिलं होतं, तेही गेलं. आणि सांगू कुणाला? सांगितलं तर माझी नर्मदा बेसूर ठरते. त्यापेक्षा तुझ्यावर रागावणं सोपं होतं, म्हणून रागावलो. तुझं त्यात काही चुकलं नव्हतं.

हे फक्त तुझ्यासाठी लिहिलंय. कुणाला सांगितलंस तर माझी शपथ आहे.

दादा


सांडोर
१ जानेवारी २०२५

दादा,

शपथ मोडली.

आधी वाच, मग ओरड. तुझं पत्र आलं तेव्हा मी एकटीच पडवीत बसून इतकी रडले की शेजारची रिटा धावत आली, तिला वाटलं कुणी गेलं. तिला काही सांगितलं नाही, हे लक्षात घे. पाच दिवस तोंडाला कुलूप लावलं. पण काल मंगळवारी संजना साडी घेऊन आली. घडी मोडलेली नव्हती, वर पिशवीही तशीच. ती पिशवी माझ्या हातात देताना तिचं तोंड बघवेना. माझ्या तोंडून सगळं निघून गेलं. बुवा, ओठ, ओटी, कानस, सगळं. तुझं पत्रच वाचून दाखवलं, दीड भाकरीसकट.

संजनाच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी. आणि तेवढ्यात पुतळाबाई खदखदून हसायला लागल्या. ब्याऐंशी वर्षांची बाई, मला वाटलं हिला काही झालं.

म्हणाल्या, "अगो, मना म्हायती हाय. नर्मदीनीच सांगलेला."

आम्ही सगळ्या त्यांच्याभोवती. तुला त्यांच्याच शब्दांत सांगते, मला तसंच्या तसं आठवतंय.

"आमच्या नातवाचा बारसा व्हता. नर्मदीनी पालन्याचा गाना बोलला. पेटी नाय का काय नाय, नि ती सरल वर गेली! मी बोलली, अगो, मंगलवारी तू तिथं खाली जाते नि आज वर कशी? तं हसाय लागली. बोलली, 'माझ्या मानसानी माझ्यासाठी पेटी खाली आनली. मी दाराआडून बघलाय, कानस घेऊन बसलेला. रेडिओ ऐकून ऐकून माझा सूर कवाच जाग्यावर आला. पन आता मी वर गेली तं त्याला कसा वाटंल? म्हनून मंगलवारी खाली गाते, नि तो घरात नसला का वर.'"

मी विचारलं, पुतळाबाई, एवढी वर्षं बोलला का नाहीत? तर म्हणतात, "मना कोन इचारतं? मी आपली टाल वाजवते नि चाय पिते."

ऐकलंस का दादा? तिला येत होता धैवत. तुझ्या डोळ्यांदेखत, तुझ्या पेटीवर, ती पंचवीस-तीस वर्षं मुद्दाम खाली गात होती. तू तिला फसवलंस म्हणतोस! तुम्हा दोघांना एकमेकांना फसवण्यातून सवड मिळाली असती तर सगळं मंडळ सुरात राहिलं असतं.

मग मत घेतलं. नवा धैवत शिकायचा की पेटी खाली आणायची? बारा हात वर, पेटी खाली. तेजस्वीचा तर सगळ्यांत आधी. सेबॅस्टियनला सांगितलं, तर त्यानं कानाला हात लावले. "सुरातली पेटी मी माझ्या हातानं बिघडवू? फादरपुढे काय सांगू? ज्यानं आधी केलं त्यालाच बोलवा."

तेव्हा ज्यानं आधी केलं त्यानं यावं. राग असेल तर तोही बसमध्ये घेऊन ये, जागा मिळेल.

सुभद्रा


बोळिंज
७ जानेवारी २०२५

सुभे,

शपथ मोडलीस. तुझ्या तोंडात तीळ भिजत नाही हे मला आधीच आठवायला हवं होतं.

पत्र वाचून गॅलरीत जाऊन उभा राहिलो. रिद्धीनं येऊन विचारलं, "आजोबा, हसताय का रडताय?" तिला तिच्या आजीची सगळी गोष्ट सांगितली. ती म्हणाली, "मग आजी तुमच्यापेक्षा हुशार होती." होती. बाजारात, वाडीत, सगळीकडे होती. पेटीपाशी तरी मी हुशार आहे असं मला वाटायचं, तेवढंही तिनं ठेवलं नाही.

मंगळवारी, चौदा तारखेला, सकाळच्या बसनं येतो. संक्रांत आहे, तिळगूळ दिलास की बोलायला लागेन, तोवर शब्द मोडणार नाही. आपल्या जुन्या घरात माळ्यावर पत्र्याच्या डब्यात ती कानस आहे, ती काढून ठेव. तिळगूळ आधी, कानस नंतर.

आणि चहा पुतळाबाईंना बिनसाखरेचा.

दादा


बोळिंज
३ फेब्रुवारी २०२५

सुभे,

आता आपण रोज बोलतो, कालच फोनवर तासभर बोललो. तरी हे लिहितोय, कारण सांगायला लागलो तर तू मध्ये बोलशील आणि माझं राहून जाईल.

उत्तेजनार्थ बक्षीस मिळालं, त्याचा तुझा राग अजून गेलेला नाही. पण परीक्षक काय म्हणाले ते मी पुन्हा लिहून ठेवतो, कारण मला ते पहिल्या नंबराहून मोठं वाटतं. त्यांनी बाजूला घेऊन विचारलं, "तुमचा धैवत उतरलेला आहे, हे तुम्हाला माहीत आहे ना? पण बाराही जणींचा एकसारखा उतरलेला, आणि पेटीचाही! हे जमवलं कसं?" मी म्हटलं, "फार वर्षं लागली साहेब." त्यांना वाटलं मी रियाजाबद्दल बोलतोय.

पण सांगायचं ते हे नाही. गवळण त्या जागेला आली. समोर संजना, तेजस्वी, शेवटाला पुतळाबाई डोळे मिटून टाळ वाजवताहेत. माझं बोट पट्टीवर पडलं आणि तुम्ही सगळ्या मिळून त्या सुरावर उतरलात, न चुकता, जशी ती उतरायची. आणि या वेळी मला माहीत होतं की ती तिथं का उतरायची. मी भाता थोडा जास्त वेळ धरला, तुम्हाला वाटलं असेल म्हातारा ताल विसरला. विसरलो नव्हतो. बारा जणी गात होत्या आणि मला तेरावी ऐकू येत होती. सूर सोडवेना.

तुझा,
दादा

ता. क. पुढच्या मंगळवारी जोनाथनना घेऊन येतोय. मागे बसून झांज वाजवतील आणि धृपद म्हणतील. त्यांचा पंचम चढतो. कानस परत माळ्यावर टाकू नकोस.